छातीत तारा फुटलेला माणूस

२० मे, सोमवार

कालपर्यंत मी या नळांच्या कारखान्यात फक्त कचेरी सांभाळत होतो. पगारपत्रकं, विजेची बिलं, मालकांच्या आईचे दवाखाने. आजपासून मी सुरक्षा अधिकारीही आहे. पगार तोच राहिला, पण शर्टाला लावायला हिरवा बिल्ला मिळाला. आधीचा अधिकारी नोकरी सोडून व्हिएतनामला गेला, आणि कायद्याने ही खुर्ची रिकामी ठेवता येत नाही. न्येन मालकांनी सगळ्या कारखान्यावरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. "येन, तुझं अक्षर बरं आहे," ते म्हणाले. निवडीमागचा विचार मला पटला.

प्रशिक्षणाला ताइचुंग शहरात जाऊन आलो. शिकवणाऱ्या गृहस्थांचा आवाज पंख्यासारखा एकसुरी होता आणि दुपारच्या डब्यात कोंबडीची अख्खी तंगडी होती. तंगडीनंतरचा भाग रसायनांवरच्या लेबलांचा, त्यामुळे तो मी डोळे मिटून ऐकला. तरी चित्रं लक्षात राहिली. कोपऱ्यावर उभा केलेला लाल चौकोन आणि आत काळं चित्र. ज्वाळा म्हणजे आग, कवटी म्हणजे विष, मेलेला मासा आणि वठलेलं झाड म्हणजे नदीत ओतू नका. उद्गारचिन्ह म्हणजे जपून. शिवाय एक माणूस आहे, तोंड नसलेला, खांद्यांपर्यंतचा, छातीत पांढरा तारा फुटलेला. त्याच्यावर गुरुजी बराच वेळ बोलले असावेत, कारण मी जागा झालो तेव्हा तो पडद्यावर होता आणि पुढच्या डुलकीनंतर पाहिलं तेव्हाही तोच होता.

माझी बायको सू-ये आमच्याच कारखान्यात आहे, पुसाईच्या खोलीत. तयार नळांवरचे बोटांचे ठसे आणि पॉलिशचं मेण पुसायचं, नळ आरशासारखा करायचा आणि मग खोक्यात भरायचा. नव्या वर्षाच्या सुट्टीपर्यंत हे काम स्पिरिटने व्हायचं. मग मालकांच्या भाच्याने कुठून तरी एक नवं द्रावण आणलं. पुसलं की फुंकर मारायच्या आत वाळतं. बायका त्याला झटपाणी म्हणतात.

बिल्ला पाहून सू-ये म्हणाली, "वा, साहेब झालात! मग आता आमच्या झटपाण्याच्या पिंपावर काय लिहिलंय ते नीट वाचून सांगाल ना?"

"सांगेन की. त्यासाठीच तर नेमलंय मला."

प्रशिक्षणात सांगितलं होतं, अधिकाऱ्याने नोंदी ठेवाव्यात. कचेरीतल्या नोंदी मालक वाचतात, म्हणून मनातल्या इथे.

३ जून

आज पिंपांची पाहणी केली. झटपाण्याच्या पिंपावर चार लाल चौकोन आहेत: ज्वाळा, उद्गारचिन्ह, मासा आणि तो तारेवाला माणूस. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत भलामोठा मजकूर. पहिली ओळ वाचली, त्यात 'अतिज्वलनशील' होतं. बाकीचं म्हणजे औषधाच्या डबीत घडी करून कोंबलेला कागद असतो ना, तसलं. तो कोण वाचतो? औषध तर सगळेच घेतात.

कायदा म्हणतो की पिंपातलं द्रावण ज्या लहान बाटल्यांत ओतलं, त्यांच्यावरही लेबल हवं. बायकांच्या हातातल्या पिचकारीच्या बाटल्या मुठीत मावतील एवढ्या. चार चित्रं लावली तर बाटलीला पकडायला जागा उरत नाही. मी विचारपूर्वक एकच निवडलं, ज्वाळेचं. ते पोरासोरांनाही कळतं. घरी रंगीत छापलं, कात्रीने कापलं, प्रत्येक बाटलीवर सरळ रेषेत चिकटवलं. मालक पाहून खूश झाले. म्हणाले, "नव्या वर्षाला दारावर चिकटवतो तसलं शुभ दिसतंय."

सू-येने बाटली फिरवून फिरवून पाहिली. "आणि तो माणूस कुठे गेला? पिंपावर एक माणूस आहे ना?"

"तो छातीचे पेशंट असतात त्यांच्यासाठी. तुला छातीचं काही आहे का?"

"नाही."

"झालं तर मग."

बायकांच्या खोलीत मी स्वतः पाटी लावली, 'आगीपासून सावध'. खोलीच्या खिडक्या चिकटपट्टीने बंद केलेल्या आहेत, कारण धुळीचा एक कण बसला तरी गिऱ्हाईक नळ परत पाठवतं. वातानुकूलन चालू असतं. बाहेर अंग भाजणारं ऊन, आणि या आत गारव्यात बसून गप्पा मारत पुसतात. अख्ख्या कारखान्यात एवढी सुखाची जागा नाही.

१९ जून

सू-येच्या हातून आज सोयाबीनच्या दुधाचा वाडगा पडला. या महिन्यात असं बऱ्याचदा झालंय. मी म्हणालो, "लक्ष कुठे असतं तुझं?"

"लक्ष इथेच आहे. बोटंच कुठेतरी गेलीत. हातमोजे घातल्यासारखं वाटतं, आणि हात तर उघडे आहेत."

वय, मी म्हणालो. चाळिशी उलटली की असं होतंच. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी दुसरा वाडगा आणायला उठलो.

कारखान्यातही निष्काळजीपणा वाढलाय. को ताई, म्हणजे पुसाईच्या खोलीची मुकादम, सपाट फरशीवर अडखळून पडली. वर काही नाही, खाली काही नाही, मग अडखळली कशाला? विचारलं तर म्हणते, "येन भाऊ, पाय उचलला असं मला वाटलं. पण तो उचललेलाच नव्हता." मी लगेच एक घोषवाक्य तयार केलं: 'पाऊल उचला, अपघात टाळा.' मोठ्या अक्षरांत लिहून दारावर लावलं. सुरक्षा म्हणजे शेवटी मनोवृत्ती असते, असं प्रशिक्षणातही म्हणाले होते. निदान मी जागा असताना तरी म्हणाले होते.

१० जुलै

सू-ये म्हणते, खोलीत दुपारनंतर डोकं जड होतं, गोड गोड गरगरतं. बाहेर आलं की जरा बरं वाटतं. मी म्हणालो, काम कुणाला आवडतं? मलाही कचेरीतून बाहेर आलं की बरंच वाटतं.

तिला स्कूटरचा ब्रेक दाबता येईना, म्हणून आता मीच तिला मागे बसवून नेतो. लग्न झालं तेव्हा आम्ही असेच जायचो. ती मागून धरते, पण पकड लागत नाही, नुसते हात ठेवल्यासारखे वाटतात. मी मुद्दाम हळू चालवतो. काळजी वाटते मला. हे मी तिला सांगितलं नाही, उगाच घाबरेल.

हाडवैद्याकडे नेलं. त्याने बोटं ओढली, तेल चोळलं आणि म्हणाला, शिरांमध्ये वारा शिरलाय. गार हवेत बसता का? बसते, मी म्हणालो. पुसाईच्या खोलीतल्या आणखी दोघींनाही त्याने हेच सांगितलंय म्हणे. तिघींचं निदान जुळलं की समाधान वाटतं.

मी सुरक्षा अधिकारी आहे, हातावर हात ठेवून बसणं माझ्या स्वभावात नाही. आज खोलीतलं वातानुकूलन कमी केलं. गारवा कमी झाला, त्यामुळे झटपाणी आणखी झटपट वाळायला लागलं. मालकांनी पाठ थोपटली.

२६ जुलै

वादळाची सुट्टी होती. पत्रे उडाले, रस्त्यात केळीची झाडं आडवी झाली. सू-ये घरी पडून होती. डोकं दुखलं नाही, दोन वेळा नीट जेवली. "सुट्टी मानवली तुला," मी चिडवलं. ती हसली नाही. म्हणाली, "डोकं बरं आहे. पण पायाला मुंग्या येतायत त्या गेल्या नाहीत. अहो, त्या पाण्यात काही असेल का?"

"असतं तर लिहिलं नसतं का त्यांनी?"

"लिहिलंय ना एवढं. वाचलंत का तुम्ही?"

मी म्हणालो, पहिल्यापासून वाचलंय. हे खोटं नाही. पहिली ओळ मी वाचलीच होती.

५ ऑगस्ट

सातवा चांद्र महिना लागला. पाताळाची दारं उघडली आणि भले भाऊ, म्हणजे मेलेल्यांचे भुकेले आत्मे, वर आले. त्यांना भूत म्हणायचं नाही, ऐकलं तर रागावतात. महिनाभर रात्री कपडे बाहेर वाळत घालायचे नाहीत, खांद्यावर थाप पडली तर वळायचं नाही, नवं काम काढायचं नाही.

आज मालकांच्या आई कारखान्यात येऊन गेल्या. वय ऐंशीच्या पुढे, काठी जमिनीला टेकत नाही, फक्त माणसांकडे रोखलेली असते. दरवर्षी त्या कुठे काय अशुभ आहे ते बघून जातात. बायका पाय ओढत चालतात, हातातून वस्तू पडतात, हे त्यांच्या कानावर गेलं होतं. पुसाईच्या खोलीत झटपाण्याच्या पिंपासमोर त्या थबकल्या. काठीने चित्र दाखवलं.

"हा कोण?"

"थोरल्या बाई, हे धोक्याचं चित्र आहे," मी म्हणालो.

"मला शिकवतोस? तोंड नाही, पाय नाहीत, छाती फाडलेली. अरे, हा त्यांच्यातलाच! यांचा फोटो दारात लावून त्यांना आवतण देताय तुम्ही, आणि वर विचारता बायकांचे पाय कोण ओढतं!"

को ताईने हात जोडले. सगळ्या बायकांच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. कुणीतरी पहिल्यांदा त्यांचं खरं मानलं होतं.

"काढून टाक," मालक मला म्हणाले.

इथे मी ताठ उभा राहिलो. "मालक, लेबल काढता येत नाही. कायदा आहे."

"कायद्याचा माणूस वर्षातून एकदा येतो, येन. आई रोज जेवणाच्या टेबलावर असते."

मग मीच तोडगा काढला. काढायचं नाही, झाकायचं. देवीच्या देवळातून आणलेले 'सुखरूप रहा' असे लाल-सोनेरी कागद होते, त्यातला मोठा कागद त्या चित्रावर आणि त्याखालच्या मजकुरावर बरोबर बसला. कडांना पक्का गोंद लावला. महिना संपला की काढू. कायदाही राहिला, थोरल्या बाईही राहिल्या. हे सुचलं याचा मला अभिमान वाटतो.

संध्याकाळी सू-ये म्हणाली, "मला भुतांची भीती नाही वाटत."

"तसं म्हणू नये."

"भले भाऊ. भल्या भावांची भीती नाही वाटत. मला भीती वाटते ती उद्या सकाळी चॉपस्टिक धरता येतील का याची."

मी तिला चमचा आणून दिला.

१६ ऑगस्ट

कारखान्याची मोठी पूजा झाली. अंगणात लांबलचक टेबलं, त्यावर डुकराचं मांस, अख्खी कोंबडी, तळलेला मासा, नूडल्सची खोकी, बिअर, फळं. शेवटच्या टेबलापाशी पाण्याचं घंगाळ आणि नवा टॉवेल, आलेल्या भावांनी हात-तोंड धुवायला.

मी दिवसभर राबलो. उदबत्त्या आणि भावांना पाठवायच्या खोट्या नोटांचे कागद जाळायची भट्टी पिंपांपासून लांब, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला हलवली. अग्निशामक नळकांडी दोन्हीकडे ठेवली, वाऱ्याची दिशा पाहिली. मालकांचा भाचा हसत होता. मी म्हणालो, "अतिज्वलनशील आहे बाबा, पिंपावर लिहिलंय. वाचत जा जरा." लेबल समजणारा माणूस असला की असा फरक पडतो.

पण व्हायचं ते झालंच. मांसाचं ताट सू-येच्या हातात होतं. टेबलाच्या दोन पावलं अलीकडे तिचे गुडघे मुडपले आणि ती ताटासकट खाली बसली. पडली नाही, बसली, हातातली पिशवी खाली ठेवावी तशी. उठता येईना. मी एका बाजूने धरलं, को ताईने दुसऱ्या बाजूने. तर को ताईच्याच हातात जोर नव्हता आणि तिघंही पुन्हा खाली. 

थोरल्या बाई लांबूनच म्हणाल्या, "हिच्या घरात कुणीतरी काहीतरी झाकलंय. ते भोवतंय हिला."

मी देवापुढे मनातल्या मनात सगळं आठवून पाहिलं. खरंच काही आठवेना. आणखी तीन गठ्ठे कागद जाळले.

सू-ये स्कूटरवर माझ्या पाठीला डोकं टेकून रडली. म्हणाली, "मला दवाखान्यात न्या. खऱ्या."

२७ ऑगस्ट

मोठ्या इस्पितळातल्या नसांच्या डॉक्टर छिऊ. तरुण आहेत, फार कमी बोलतात. सू-येच्या गुडघ्यावर छोटी हातोडी मारली, पाय हललाच नाही. बोटांना सुई टोचत वर वर गेल्या. मनगटापर्यंत सू-येला कळलंच नाही सुई टोचल्याचं. मी ते पाहत होतो. मला दुसरीकडे बघावंसं वाटलं.

"कामाला कुठे आहात? कशाने पुसता नळ?"

"झटपाण्याने," सू-ये म्हणाली.

"त्यात काय असतं?"

सू-येने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "फार लवकर वाळतं ते."

डॉक्टर म्हणाल्या, पिंपावरच्या लेबलाचा फोटो आणा. पूर्ण लेबल, सगळी अक्षरं दिसली पाहिजेत. तोवर हिने त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही.

मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, "महिना संपायला थोडेच दिवस राहिलेत. मग काढ फोटो हवे तेवढे. आत्ता तो कागद सोलला आणि आईला कळलं तर माझ्याकडे बघायचं नाही." मी हो म्हणालो. घरी आलो. सू-ये मला दार उघडायला उठली होती. भिंत धरून ती दारापर्यंत पोचेस्तोवर मी बाहेर उभा होतो, आणि मला आतून तिचे हात भिंतीवर घासल्याचा आवाज येत होता.

उद्या सकाळी मालक यायच्या आत सोलतो.

२९ ऑगस्ट

काल सकाळी लवकर गेलो. कागद निघेना, गोंद मीच लावला होता. शेवटी फडक्यावर झटपाणी घेतलं आणि कडेने फिरवलं. काय सांगू! गोंद लोण्यासारखा सुटला, खालच्या लेबलला ओरखडासुद्धा नाही. वस्तू म्हणून खरोखर उत्तम आहे. फडकं पिळून पिळून चार वेळा वापरलं. डोकं जरा गोड गरगरलं.

फोटो अगदी सरळ काढला, चारही कोपरे आत. वाचत बसलो नाही, मालकांची गाडी केव्हाही आली असती. आणि वाचायला डॉक्टर होत्याच.

आज त्यांनी फोटो मोठा करून वाचला. आधी मनात, मग मोठ्याने. हेक्सेन. त्या तारेवाल्या माणसाच्या खालची ओळ होती: दीर्घकाळ किंवा वारंवार श्वासावाटे शरीरात गेल्यास मज्जातंतूंना इजा होते. त्याच्या खाली: हातापायांना मुंग्या, बधिरपणा, शक्ती जाणे. त्याच्या खाली: फक्त हवा खेळती असलेल्या जागी वापरा. सगळं आमच्याच भाषेत होतं. एकही शब्द अडण्यासारखा नव्हता.

"तो तारा म्हणजे छातीचा रोग नव्हे," डॉक्टर म्हणाल्या. "आत जाऊन सावकाश, शरीराचा एखादा भाग कायमचा बिघडवणाऱ्या वस्तूंवर तो असतो."

सू-येने विचारलं, "हात परत येतील?"

"येतील बहुतेक. पण नस फार सावकाश वाढते. आधी काही महिने आणखी बिघडेल, काम सोडलं तरी. मग सुधारेल. पूर्ण सुधारेल का, ते आत्ता सांगता येत नाही. आणखी किती जणी आहेत त्या खोलीत?"

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन को ताईला फोन लावला. म्हणालो, सगळ्यांना घेऊन बाहेर ये, आत्ता, हातातला नळ तिथेच ठेव. ती म्हणाली, "का? भले भाऊ आलेत का?" मी म्हणालो, "कुणी आलेलं नाही, ताई. ते पाणीच आहे. पिंपावर लिहिलेलं होतं."  तिने विचारलं, "केव्हापासून लिहिलेलं होतं?" मी फोन ठेवला. लगेच मालकांचा आला, बायका अंगणात का उभ्या आहेत म्हणून. माल आज निघायचाय, ते म्हणाले. मी म्हणालो, नाही निघणार. एवढं बोलून मी फोन बंद केला.

आत आलो तेव्हा डॉक्टर कामगार खात्याला पाठवायचा अहवाल लिहीत होत्या. मान वर न करता त्यांनी सू-येला विचारलं, "कारखान्यात हे वाचून कामगारांना समजावून सांगणारं कुणी नेमलेलं असतं. तुमच्याकडे कोण आहे?"

मी तोंड उघडलं. सू-ये माझ्याकडे न बघता म्हणाली, "नाही डॉक्टर. तसं आमच्याकडे कुणी नाही."

डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं.

मला वाचवायला ती खोटं बोलली असं मला वाटलं. जिना उतरताना तिने माझा दंड धरला होता, मी एकेक पायरी सांगत होतो. निम्म्या जिन्यात माझ्या लक्षात आलं की ती खोटं बोललेली नव्हती.